डिस्क मेली नव्हती, गप्प बसली होती

रेड कार्डाने 'फेल' म्हणून बाहेर काढलेली हार्ड डिस्क सर्व्हिस सेंटरला न्यावी, तिथल्या माणसाने ती मशीनला लावून टेस्ट करावी आणि 'साहेब, यात काहीच फॉल्ट नाही' म्हणून परत हातात ठेवावी, हा प्रकार सर्व्हर सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. मग केबल बदलली जाते, कार्ड बदललं जातं, पॉवर सप्लायवर संशय घेतला जातो. तीच डिस्क पुन्हा लावली की महिनाभर सुरळीत चालते आणि एका रात्री पुन्हा 'फेल'. गंमत म्हणजे यात खोटं कोणीच बोलत नसतं. डिस्क बरी असते, कार्ड बरं असतं, सर्व्हिस सेंटरवालाही बरोबर असतो. बिघाड असतो तो डिस्क आणि कार्ड यांच्यात कधीच न ठरलेल्या एका गोष्टीत: उत्तरासाठी किती वेळ थांबायचं?

मित्रांनो, रेडचे लेव्हल्स आपल्याला अभ्यासक्रमात असतात. शून्य, एक, पाच, सहा, दहा, त्यांच्या आकृत्या आणि त्यावरची हमखास येणारी शॉर्ट नोट. त्यामुळे ते सगळं इथे पुन्हा उगाळत नाही. एवढंच लक्षात ठेवा की रेड ५ मध्ये प्रत्येक स्ट्राइपची पॅरिटी काढून ठेवलेली असते. एक डिस्क गेली तर उरलेल्या सगळ्या डिस्क वाचून, एक्सऑर करून, गेलेल्या डिस्कवरचा मजकूर परत काढता येतो. दुसरी गेली की खेळ खल्लास.

पण पुस्तकातल्या या आकृतीमागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती बहुधा कोणी सांगत नाही. डिस्कच्या दोनच अवस्था असतात, जिवंत किंवा मेलेली, असं तिथे मानलेलं असतं. बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली ज्या निबंधातून रेड हे नाव रूढ केलं, त्यातलं गणितही याच धर्तीचं आहे: डिस्क चालते, मग एके दिवशी बंद पडते, मग बदलली जाते. खऱ्या डिस्कला मात्र तिसरीही एक अवस्था असते. ती जिवंत असते, कामात असते, पण बोलत नाही.

त्या निबंधाबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रेडमधला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, या शब्दाचा होता. आयबीएमच्या ३३८० सारख्या अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी पर्सनल कॉम्प्युटरसाठी बनलेल्या छोट्या डिस्क, उदाहरणार्थ १०० मेगाबाइटची कॉनर कंपनीची डिस्क, झुंडीने वापरा, अशी ती कल्पना. पुढे याच 'आय'चा अर्थ 'इंडिपेंडंट' असा सांगितला जाऊ लागला. आज एखाद्या रेड कार्डासोबतची सुसंगत डिस्कची यादी उघडून पाहा. स्वस्त डिस्क त्यात औषधालाही सापडत नाही. जिच्या जिवावर ही कल्पना उभी राहिली, तिलाच दारातून आत घ्यायचं नाही असा हा मामला आहे. मात्र त्यामागे निव्वळ कंपन्यांचा लोभ आहे असं समजू नका. लोभ आहेच, त्याकडे नंतर येतो. आधी खरं कारण.

एक सेक्टर वाचताना काय घडतं

डिस्कवरचा मजकूर सेक्टरमध्ये असतो. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइट्सचा असायचा, २०१० च्या आसपासपासून तबकडीवर प्रत्यक्षात ४०९६ बाइट्सचे सेक्टर आले. प्रत्येक सेक्टरच्या जोडीला चूक दुरुस्त करणारा कोड असतो. डोकं, म्हणजे हेड, सेक्टरवरून जातं, सिग्नल उचलतं आणि थोडेफार बिट चुकले असतील तर हा कोड ते सुधारून देतो. हे सतत चालू असतं, आपल्याला कळतही नाही. आजच्या घनतेला एकही बिट न चुकता सेक्टर वाचला जाईल अशी अपेक्षाच कोणी ठेवत नाही.

कोडच्या आवाक्याबाहेर चुका गेल्या की डिस्कचा खरा उद्योग सुरू होतो. तबकडीची फेरी पूर्ण होऊन तोच सेक्टर परत हेडखाली येईपर्यंत थांबायचं, पुन्हा वाचायचं. हेड ट्रॅकच्या मध्यापासून केसभर इकडे सरकवून वाचायचं, मग केसभर तिकडे. सिग्नलचे फिल्टर बदलून बघायचं. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका सेकंदात १२० प्रयत्न. घरगुती डिस्क हा नाद एक मिनिट, कधी त्याहूनही जास्त वेळ सोडत नाही. आणि तेवढा वेळ ती दुसऱ्या कोणत्याही आज्ञेला उत्तर देत नाही.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये हे वागणं अगदी योग्य आहे. तिथे तो फोटो किंवा तो रिपोर्ट दुसरीकडे कुठे नसण्याचीच शक्यता जास्त. मिनिटभर विंडोज गोठली तरी चालेल, पण सेक्टर परत मिळाला पाहिजे. डिस्क बनवणाऱ्याने हाच विचार करून फर्मवेअर लिहिलेलं असतं.

रेड कार्डाचा विचार नेमका उलटा. त्याच्याकडे त्या सेक्टरचा मजकूर दुसरीकडून काढण्याची सोय आहे. त्याला फक्त 'मला वाचता येत नाही' एवढं झटकन कळायला हवं असतं. ते कळलं की ते बाकीच्या डिस्कवरून मजकूर बनवतं, वर पाठवतं आणि तोच मजकूर त्या बिघडलेल्या सेक्टरवर परत लिहायला सांगतं. लिहिताना डिस्क तो सेक्टर कायमचा बाद करून राखीव जागेतला नवा सेक्टर देऊ शकते. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारं काम. पण डिस्क काहीच बोलत नसेल तर? मग कार्ड साधारण आठ सेकंद वाट बघतं, रिसेट पाठवतं, तरी शांतता, आणि मग डिस्कला अ‍ॅरेमधून काढून टाकतं.

ओरलचं उदाहरण घ्या. एक्स्टर्नलने प्रश्न विचारला. मुलाला 'येत नाही सर' म्हणायचं नाहीये, तो मान खाली घालून मनातल्या मनात अख्खं पुस्तक चाळतोय. एक्स्टर्नलला पुढची तीस मुलं उरकायची आहेत. तो आठ सेकंद बघतो आणि शीटवर 'अ‍ॅबसेंट' लिहून मोकळा होतो. मुलगा समोर बसलेला आहे, कदाचित अजून अर्ध्या मिनिटात त्याला उत्तर आठवेलही. पण शीटवर तो आता गैरहजर आहे.

म्हणूनच सर्व्हिस सेंटरमध्ये ती डिस्क पास होते. तिथे घड्याळ लावून कोणी बसलेलं नसतं. शिवाय तोवर तो सेक्टर एखाद्या प्रयत्नात वाचला गेलेला असतो किंवा राखीव जागेत हलवलेला असतो. स्मार्टचे आकडे बघायची सवय असेल तर ५ क्रमांकाचा, म्हणजे बदललेल्या सेक्टरांचा आणि १९७ क्रमांकाचा, म्हणजे अजून निकाल न लागलेल्या सेक्टरांचा, असे दोन आकडे बघा. पुष्कळदा तिथे एक किंवा दोन एवढंच दिसतं. चार टेराबाइटच्या डिस्कमधले एक-दोन सेक्टर!

एवढ्याने बिघडतं काय?

एक डिस्क उगाच बाहेर निघाली तर निघाली, रेड आहेच की, असं वाटणं साहजिक आहे. खरी मेख पुढे आहे.

समजा, विभागाच्या फाईल सर्व्हरवर ४ टेराबाइटच्या चार घरगुती डिस्क रेड ५ मध्ये लावल्या आहेत. त्यावर तीन वर्षांचे बीई प्रोजेक्ट, एमईच्या मुलांचे सिम्युलेशनचे निकाल, सरांचे पेपर. शनिवारी रात्री एक डिस्क गप्प बसली आणि बाहेर निघाली. सोमवारी कोणीतरी नवी डिस्क घातली, रीबिल्ड सुरू झालं. आता उरलेल्या तीन डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागणार. दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या आणि त्यानंतर कोणी न उघडलेल्या फाईलसुद्धा. एवढंच काय, बहुतेक कार्डांना फाईल कुठे आहे ते कळतच नाही, त्यामुळे रिकामी जागाही. १२ टेराबाइट वाचायचे आहेत आणि वाटेत एकाही डिस्कने आठ सेकंद थबकता कामा नये. दुसऱ्या डिस्कवरचा एखादा सेक्टर कधीचा खराब होऊन पडलेला असेल, तर तो नेमका आजच भेटणार. ती डिस्कही मान खाली घालून बसते, कार्ड तिलाही काढतं आणि दोन चांगल्या डिस्कच्या, अवघ्या दोन सेक्टरांच्या पायी अख्खा अ‍ॅरे 'ऑफलाइन' होतो.

या शक्यतेचं गणित करून बघू, आकडेमोड सोपी आहे. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकांचं प्रमाण '१० चा १४वा घात इतके बिट वाचल्यावर एकापेक्षा कमी' असं बहुतेक वेळा दिलेलं असतं. १० चा १४वा घात बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. आपल्याला वाचायचेत १२, म्हणजे ९.६ गुणिले १० चा १३वा घात बिट. अपेक्षित चुका ०.९६. पॉइसाँ वितरण लावलं तर एकही चूक न होण्याची शक्यता 'ई' चा वजा ०.९६ वा घात, म्हणजे सुमारे ०.३८. थोडक्यात, शंभरातल्या ६२ रीबिल्डमध्ये किमान एक सेक्टर वाचता येणार नाही. माहितीपत्रकात १० चा १५वा घात लिहिलेला असेल, तर हेच प्रमाण नऊ टक्क्यांवर येतं.

याच धर्तीच्या हिशोबावरून रॉबिन हॅरिस यांनी २००७ साली लिहिलं होतं की २००९ पासून रेड ५ चा उपयोग उरणार नाही. तो लेख खूप गाजला. पण २००९ आलं आणि गेलं, रेड ५ चे हजारो अ‍ॅरे पुढेही रीबिल्ड होत राहिले. याचं कारण माहितीपत्रकातल्या 'एकापेक्षा कमी' या शब्दांत आहे. तो आकडा वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. प्रत्यक्षातल्या बऱ्याच डिस्क त्याहून पुष्कळ बऱ्या वागतात. शिवाय चुका अशा सुट्या सुट्या, एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या येत नाहीत, एका डिस्कवर ढिगाने येतात आणि दुसरीवर येतच नाहीत. तेव्हा ६२ टक्के हा आकडा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ठोकून देऊ नका, व्हायव्हाला अडचण होईल. मात्र दिशा बरोबर आहे: डिस्क जितकी मोठी, तितकी रीबिल्डच्या वाटेत एखादी तरी डिस्क थबकण्याची भीती जास्त. म्हणून मोठ्या डिस्क असतील तर रेड ६ किंवा रेड १० बरं, असं मला वाटतं.

सात सेकंदांचा करार

उपाय कंपन्यांना माहीत होता. वेस्टर्न डिजिटलने त्याला टीएलईआर नाव दिलं, म्हणजे चूक सुधारण्याच्या वेळेला मर्यादा. सीगेट त्यालाच ईआरसी म्हणते. हिताची आणि सॅमसंग डिस्क बनवत होत्या तेव्हा त्यांचा शब्द होता सीसीटीएल. बारसं वेगवेगळं, मूल एकच: सात सेकंद प्रयत्न कर, जमलं नाही तर तसं सांग आणि पुढच्या कामाला लाग. कार्डाचे आठ सेकंद आणि डिस्कचे सात, असा तो मेळ.

वेस्टर्न डिजिटलने 'रेड एडिशन' या नावाने वेगळ्या डिस्क विकायला काढल्या, त्यांचा एक मोठा गुण हाच होता. साध्या डिस्कवरही हा गुण चालू करून देणारी डॉसवर चालणारी एक छोटी सोय तेव्हा हातोहात फिरायची. २००९ च्या सुमारास कंपनीने नव्या घरगुती डिस्कमध्ये ती चालेनाशी केली. म्हणजे जी गोष्ट फर्मवेअरमधल्या एका आकड्याची होती, तिच्यासाठी वेगळी डिस्क आणि वेगळे पैसे. यावर लोक चिडले, आणि ते चिडणं मला रास्त वाटतं. पुढे २०१२ मध्ये घरगुती नॅससाठी वेस्टर्न डिजिटलची लाल लेबलवाली मालिका आली, तिच्यात हा गुण होता. २०१६ मध्ये सीगेटची आयर्नवुल्फ आली. (देवनागरीत लिहिताना पंचाईत अशी की डिस्कचा गट तोही रेड आणि ती लाल मालिकाही रेडच. म्हणून पुढे तिला लाल मालिकाच म्हणतो.)

महाग डिस्क घेतली की ती जास्त टिकते, असा समज दुकानदारापासून ते एचओडींपर्यंत सगळ्यांचा असतो. २००७ साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठमोठ्या यंत्रणांमधल्या सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. हे गिब्सन म्हणजे १९८८ च्या निबंधातलेच. माहितीपत्रकांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या, प्रत्यक्षात हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं. आणि साध्या साटा डिस्क व महागड्या स्कझी किंवा फायबर चॅनेल डिस्क यांच्या बदलण्याच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक दिसला नाही. तेव्हा रेडसाठीच्या डिस्कला आपण पैसे मोजतो ते मुख्यतः तिच्या वागण्याचे. आयुष्याची हमी त्यात गृहीत धरू नये.

तुमच्याकडची डिस्क कशी वागते ते लिनक्सवर एका मिनिटात कळतं. स्मार्टमॉनटूल्समधल्या स्मार्टसीटीएल या आज्ञेला एससीटीईआरसी हा पर्याय देऊन विचारायचं. उत्तरात दोन आकडे येतात, वाचण्याचा आणि लिहिण्याचा. ते सेकंदाच्या दहाव्या भागात असतात, म्हणून ७० म्हणजे सात सेकंद. आकडे बंद दिसले तर त्याच पर्यायापुढे ७०, ७० देऊन चालू करता येतात. पण बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून ही ओळ बूट होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकावी लागते. डिस्क रेड कार्डाच्या मागे असेल तरी स्मार्टसीटीएलला मेगारेड किंवा थ्रीवेअर असा प्रकार आणि पोर्ट नंबर सांगून तिच्यापर्यंत पोचता येतं. कित्येक घरगुती डिस्क मात्र सरळ सांगतात की ही आज्ञा आम्हाला समजत नाही.

अशा डिस्क असतील तर हार्डवेअर कार्डाचा नाद सोडून लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड वापरणं शहाणपणाचं. का, तर तिथे थांबण्याची वेळ आपल्या हातात असते. कर्नल मूळचा ३० सेकंद थांबतो, ते घरगुती डिस्कला पुरत नाहीत आणि तिथेही नेमका हाच तमाशा होतो. पण सिसएफएसमध्ये प्रत्येक डिस्कच्या फोल्डरमध्ये टाइमआउट नावाची फाईल असते, तिच्यात ३० च्या जागी १८० लिहिलं की कर्नल तीन मिनिटं धीर धरतो. सर्व्हर मधेच दोन मिनिटं गोठल्यासारखा वाटेल, वाटू द्या. डिस्क शेवटी काय ते उत्तर देते, सेक्टर पॅरिटीवरून दुरुस्त होतो आणि अ‍ॅरे शाबूत राहतो. हार्डवेअर कार्डावर ही वेळ वाढवायची सोय सहसा मिळत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. रेड ० मध्ये किंवा एकट्या डिस्कला ही सात सेकंदांची मर्यादा लावू नका. तिथे दुसरी प्रत नसते, तेव्हा डिस्कने जीव तोडून प्रयत्न करणंच आपल्या हिताचं.

कौलांची गोष्ट

वेळेचा करार झाला म्हणजे भांडण मिटलं, असं २०२० पर्यंत वाटत होतं. मग त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये उघड झालं की लाल मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या नव्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत, आणि हे माहितीपत्रकात लिहिलेलंच नव्हतं.

एसएमआर म्हणजे काय ते कोकणातल्या मंगळुरी कौलांच्या छपराकडे बघून लगेच समजेल. एका कौलाची कड दुसऱ्याखाली सरकवून रचलेली असते. लिहिणारं हेड रुंद असतं, वाचणारं अरुंद. म्हणून ट्रॅकही असेच एकमेकांवर थोडे चढवून लिहिले की त्याच तबकडीवर जास्त ट्रॅक मावतात. वाचायला काहीच अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी उतरवून परत रचावी लागतात. डिस्क हे लपवण्यासाठी नवा मजकूर आधी एका साध्या पद्धतीच्या पट्ट्यात लिहून ठेवते आणि फुरसत मिळाली की आत नीट रचते. घरच्या वापरात फुरसत भरपूर असते. रीबिल्डमध्ये कसली फुरसत? तासन्‌तास सलग लिखाण चालू असतं. तो पट्टा भरला की डिस्कची गती रांगण्यावर येते. त्या सुमारास झालेल्या एका चाचणीत ४ टेराबाइटची एसएमआर डिस्क झेडएफएसमध्ये बदलून भरायला नऊ दिवसांहून जास्त लागले. साध्या पद्धतीच्या तेवढ्याच डिस्कचं काम एका दिवसाच्या आत झालं. नऊ दिवस अ‍ॅरे एका पायावर उभा, आणि एवढ्या काळात एखादी आज्ञा वेळेत पुरी झाली नाही की परत तेच 'फेल'.

कंपनीने नंतर कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची याची यादी दिली, सीगेट आणि तोशिबालाही त्यांच्या काही घरगुती डिस्कबद्दल तसं सांगावं लागलं. जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलने साध्या पद्धतीच्या डिस्कसाठी 'प्लस' नावाची वेगळी मालिका काढली. आता विकत घेताना मॉडेल नंबर पूर्ण वाचून, कंपनीच्या यादीत सीएमआर लिहिलेलं आहे का ते बघावं लागतं. लॅमिंग्टन रोडवर उभं राहून 'भाऊ, चार टीबीची लाल द्या' एवढ्याने भागत नाही.

बाकीच्या कुरबुरी

जुन्या सर्व्हरमधून निघालेली कार्ड स्वस्तात मिळतात आणि प्रोजेक्टसाठी मुलं ती घेतात. तिथे एक साधा हिशोब करून ठेवा. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत ठेवला तर २ चा ३२वा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढचं कार्डाला दिसतच नाही. एलएसआयच्या १०६८ई चिपवरची कार्ड या जातीची. त्यावर ८ टेराबाइटची डिस्क लावून उपयोग नाही.

वीज वाचवणाऱ्या डिस्कचा त्रास निराळा. वेस्टर्न डिजिटलच्या हिरव्या मालिकेतल्या डिस्क आठ सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवायच्या. सर्व्हरवर दर दहा-पंधरा सेकंदांनी काही ना काही लिहिलं जातं, म्हणजे दिवसभर हेडची ये-जा. तीन लाख वेळा एवढीच ज्याची हमी, तो आकडा काही महिन्यांत गाठणाऱ्या डिस्क लोकांनी पाहिल्या आहेत.

कंपनांचंही असंच. एका पेटीत आठ डिस्क फिरत असल्या की एकीचं थरथरणं दुसरीच्या हेडला ट्रॅकवरून ढकलतं. सर्व्हरच्या डिस्कमध्ये हे ओळखून हेड सावरणारे सेन्सर असतात, स्वस्त डिस्कमध्ये बहुधा नसतात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस एक छोटी फिल्म केली होती. त्यात ते डिस्कच्या रॅकसमोर तोंड नेऊन जोरात ओरडतात आणि पडद्यावर डिस्कचा प्रतिसाद लांबलेला दिसतो. गॅदरिंगचे स्पीकर सर्व्हर रूमच्या भिंतीला लागून लावणाऱ्यांनी जरूर बघावी.

सर्व्हर कंपन्यांनी मात्र या खऱ्या अडचणींच्या आडून कुलपंही घातली आहेत. २०१० साली डेलच्या पर्क एच७०० आणि एच८०० कार्डांनी डेलने न तपासलेल्या डिस्क घ्यायचं नाकारलं. गिऱ्हाइकांनी ओरड केली, त्याच वर्षी नव्या फर्मवेअरने ते काढलं गेलं. पंधरा वर्षांनी, २०२५ मध्ये, सिनॉलॉजीने आपल्या नव्या नॅसवर जवळजवळ तोच प्रयोग केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ बरोबर बराचसा मागे घेतला. सुसंगत डिस्कची यादी वाचताना म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे: ही डिस्क चालणार नाही की ही डिस्क चालू दिली जाणार नाही? पहिल्याचं उत्तर स्मार्टसीटीएल देतं, दुसऱ्याचं कंपनीच्या विक्री विभागाकडे असतं.

शेवटी एक काम असं की ते कोणतीही डिस्क असली तरी करता येतं. रीबिल्डच्या दिवशी भेटणारे खराब सेक्टर आधीच शोधून काढायचे. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचून घ्यायच्या. पॅरिटी शाबूत असताना सापडलेला खराब सेक्टर जागच्या जागी दुरुस्त होतो. हार्डवेअर कार्डांच्या मेनूत याला पेट्रोल रीड म्हणतात, झेडएफएसमध्ये स्क्रब. डेबियनवर सॉफ्टवेअर रेड बसवला की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर हे आपोआप सुरू होण्याची सोय असते. आपल्या लॅबमध्ये शनिवारी संध्याकाळी मेन स्विच बंद करून जायची पद्धत असेल, तर तेवढा वार बदलून घ्या.